पंधरा शिक्षक आणि ७२० मिनिटं: सांख्यिकीचं प्रशिक्षण कुठून सुरू करावं

प्रश्न: मी मोहोळ तालुक्यात नववी-दहावीला गणित शिकवते. आमच्या भागातल्या तीसेक गणित शिक्षकांसाठी यंदा सांख्यिकीवर चार सत्रं घ्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. मुलांना मध्य, मध्यक, बहुलक काढता येतात, गुणही मिळतात. पण 'याचा अर्थ काय' असं विचारलं की मुलं गप्प होतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही अडखळतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर: मॅडम, शिक्षकही अडखळतात हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत, तिथूनच सुरुवात करा. पहिल्या सत्रात 'सांख्यिकी कशी शिकवावी' यावर एक शब्दही बोलू नका. आलेल्या शिक्षकांना आधी स्वतः काहीतरी मोजायला लावा, त्या आकड्यांवर वाद घालू द्या, त्यांचा अर्थ त्यांनाच लावू द्या. अध्यापनाच्या पद्धती दुसऱ्या सत्रापासून आल्या तरी चालतील.

मी सोलापुरात अठ्ठावीस वर्षं गणित शिकवतोय आणि त्यातली बारा-तेरा वर्षं सुलभक म्हणून प्रशिक्षणं घेतोय. सुरुवातीला मी याच्या बरोब्बर उलट करायचो. तीन तासांचं सत्र, ऐंशी स्लाइड्स, त्यात पार प्रमाण विचलनापर्यंत सगळं. शिक्षक मन लावून उतरवून घ्यायचे, शेवटी अभिप्रायाच्या कागदावर 'अतिशय उपयुक्त' लिहायचे. मग एका जानेवारीत त्यांच्यातल्याच एका सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा योग आला. फळ्यावर सूत्र, खाली वारंवारता सारणी, मुलं रकाने भरतायत. माझ्या प्रशिक्षणाचा मागमूसही नव्हता. ते सर अतिशय मेहनती, मुलांचे लाडके; त्यांची काहीच चूक नव्हती. मी त्यांना माहिती दिली होती, अनुभव दिला नव्हता. तो तास मला आजही आठवतो, कारण त्यानंतर मी सगळ्या स्लाइड्स बाजूला ठेवल्या.

आपल्यापैकी बहुतेकांनी बी.एस्सी.ला गणित केलं, मग बी.एड. केलं आणि थेट वर्गात उभे राहिलो. स्वतः प्रश्न ठरवून, स्वतः सामग्री (म्हणजे आकड्यांतली माहिती) गोळा करून तिच्याशी झटापट करायची वेळ कधी आलीच नाही. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज बार्शीतही १८० आणि अक्कलकोटातही १८०, अशा खात्रीच्या जगात आपण वाढलो. सांख्यिकीत आकडा एकटा येत नाही. तो कुठून आला, कुणी मोजला, कशासाठी मोजला हे त्याच्या पाठीला चिकटून येतं. बीजगणितात संदर्भ पुसला की गणित स्वच्छ होतं, इथे संदर्भ पुसला की काही उरतच नाही. हा फरक व्याख्यानातून पोचत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

आता पहिलं सत्र. मी फळ्यावर एकच प्रश्न लिहितो: 'आज घरातून इथे पोचायला किती मिनिटं लागली?' आणि गप्प बसतो. सुरुवातीला सगळ्यांना वाटतं, हे काय, पाच मिनिटांचं काम. मग कुणीतरी विचारतं, 'सर, घरातून म्हणजे? मी आधी मुलीला क्लासला सोडलं, मग स्टँडवर आलो.' दुसरे म्हणतात, 'एसटीची वाट बघण्यात पंचवीस मिनिटं गेली, ती धरायची का?' एक मॅडम आदल्या रात्रीच बहिणीकडे मुक्कामाला आलेल्या असतात. त्यांचं घर कोणतं? मी उत्तर देत नाही. 'तुम्हीच ठरवा, पण सगळ्यांसाठी एकच नियम हवा' एवढंच म्हणतो. यात वीस मिनिटं जातात आणि ही वीस मिनिटं अजिबात वाचवू नका. पाठ्यपुस्तकात सारणी आयती मिळते, त्यामुळे सारणीच्या आधी एवढं सगळं घडतं हे आपल्याला ठाऊकच नसतं.

नियम ठरला की भिंतीवर लावलेल्या कार्डशीटवर शून्य ते १८० अशी रेघ ओढून प्रत्येकाने आपल्या मिनिटांवर एक टिकली चिकटवायची. कपाळाला लावायच्या टिकल्यांचं पाकीट दहा-वीस रुपयांना मिळतं, स्केचपेनच्या ठिपक्यांपेक्षा त्या लांबून चांगल्या दिसतात आणि चुकली तर काढून परत लावता येते. तीस जण असतील तर पंधरा-पंधराचे दोन गट करा. एका गटाचे आकडे असे आले होते:

१०, १५, १५, १५, २०, २०, २५, २५, ३०, ४०, ५५, ७०, ९०, ११०, १८०.

मोहोळचे ५५, मंगळवेढ्याचे ९०, बार्शीचे ११०, करमाळ्याहून पहाटे निघालेल्या सरांचे १८०. बाकीचे बरेचसे शहरातलेच. बेरीज ७२०, मध्य म्हणजे बेरीज भागिले पंधरा, ४८. मध्यक म्हणजे क्रमाने मधला, आठवा आकडा, २५. बहुलक म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला, १५. पाच मिनिटांत तिन्ही उत्तरं तयार, कुणाची चूक नाही. तेव्हा मी विचारतो, 'मग या गटाला इथे यायला साधारण किती वेळ लागला?' सगळ्यांचं एकमुखी उत्तर: ४८. 'बरं, ४८ मिनिटं नेमकी कुणाला लागली?' कुणालाच नाही. '४८ पेक्षा कमी किती जणांना?' पंधरापैकी दहा जणांना. खोलीत शांतता पसरते. वीस-वीस वर्षं मध्य काढून देणारी माणसं पहिल्यांदा त्या आकड्याकडे वळून बघत असतात.

इथे घाई करू नका. एकेक प्रश्न पुढे ठेवा. प्रवासाचा भत्ता मिनिटाप्रमाणे द्यायचा ठरला तर एकूण तरतूद करायला कोणता आकडा कामाचा? मध्य, कारण ४८ गुणिले १५ म्हणजे ७२०. बेरीज फक्त त्याच्याच पोटात आहे. 'या गटातल्या मधल्या शिक्षकाला किती वेळ लागतो' याला २५. आणि सत्र किती वाजता सुरू करायचं हे ठरवायला? तिथे तिन्ही निरुपयोगी. तिथे उजव्या टोकाची ती एकटी टिकली बघावी लागते, कारण दहाला सत्र ठेवलं तर करमाळ्याच्या सरांना सातला घर सोडावं लागणार. प्रश्न बदलला की कामाचा आकडा बदलतो. हे मी सांगत नाही, तेच सांगतात.

त्यानंतर हमखास कुणीतरी उठून कार्डशीटजवळ जातं आणि म्हणतं, 'सर, हे दोन ढीग आहेत. शहरातले वेगळे, गावाकडचे वेगळे. यांची एकत्र सरासरी काढायचीच कशाला?' ते वाक्य ऐकू आलं की माझं पहिलं सत्र झालं असं मी समजतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २००७ साली शालेय सांख्यिकीसाठी जी मार्गदर्शक चौकट काढली आणि २०२० मध्ये सुधारली, तिच्यात चार पायऱ्या आहेत: प्रश्न मांडणं, सामग्री मिळवणं, विश्लेषण करणं, अर्थ लावणं. आपला वर्ग बहुधा फक्त तिसऱ्या पायरीवर उभा असतो. ही चौकट शिक्षकांना जरूर सांगा, पण टिकल्या लावून झाल्यावर. मग ते स्वतःच म्हणतात, 'हो, आपण आत्ता हेच केलं.'

याच आकड्यांवर गृहीतमध्याचीही गाठ सुटते, तीही दाखवा. दहावीला आपण मध्य काढायच्या तीन पद्धती शिकवतो, सरळ, गृहीतमध्य आणि मध्यप्रमाण विचलन, आणि सांख्यिकीच्या तासांतला मोठा भाग तिथेच खर्ची पडतो. तिन्हींचं उत्तर एकच येतं हे मुलांना माहीत असतं, का येतं हे माहीत नसतं. शिक्षकांना म्हणा, 'अंदाजाने ४० धरा. प्रत्येकजण ४० पासून किती दूर?' कमी असलेल्यांची बेरीज वजा १८५, जास्त असलेल्यांची अधिक ३०५. शिल्लक १२०. पंधरांत वाटले तर प्रत्येकी ८. म्हणजे अंदाज ८ ने कमी होता, खरा मध्य ४८. आता ४८ पासूनची अंतरं घ्या, वजा-अधिक मिळून शून्य. मध्य म्हणजे तोल साधणारी जागा, हे इथे कागदावर दिसतं. मोठे गुणाकार हाताने करायचे त्या काळात कष्ट वाचवायला या पद्धती कामी आल्या. परीक्षेत येतात म्हणून शिकवाव्या लागतात, ते मान्य. पण तोलाची कल्पना पक्की झाली तर तीन पद्धतींना तीन तास लागत नाहीत, एक तास पुरतो. उरलेले दोन अर्थ लावायला वापरा, असं मी आग्रहाने सांगेन.

भाषेचा एक अडथळा इथेच बोलून टाका, कारण तो फक्त आपला, मराठी माध्यमाचा आहे. आपल्या पुस्तकात सरासरीला 'मध्य' म्हणतात आणि मधल्या संख्येला 'मध्यक'. व्यवहारात मध्य म्हणजे मधोमध. मग मुलगा 'मध्य काढा' वाचून मधली संख्या लिहितो तेव्हा तो बेसावध नसतो, तो मराठीशी प्रामाणिक असतो. त्यात 'सरासरी' हा शब्द आपण बोलताना 'अंदाजे' या अर्थाने वापरतो, 'सरासरी शंभरेक माणसं असतील' असं. सोलापूर शहरात तर निम्म्या वर्गाच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू असतं. मी पहिल्या दिवशी तिन्ही शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि समोर मुलांच्याच शब्दांत ओळ लिहायला सांगतो. एका मुलीने लिहिलं होतं, 'मध्य: सगळ्यांना सारखं वाटून दिलं तर. मध्यक: रांगेत उभं केलं तर. बहुलक: सगळ्यात जास्त वेळा आलं तर.' ही ओळ मी तेव्हापासून प्रत्येक वर्गात वापरतो. 'रांगेत उभं केलं तर' असं म्हणत मुलं चढता क्रम लावायला विसरत नाहीत.

दुसऱ्या सत्रात आलेख घ्या. इथे मी फार लांबण लावत नाही. सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, 'एक मिनिट झालं असं वाटलं की हात वर करा', आणि मोबाइलच्या घड्याळावर प्रत्येकाचे सेकंद टिपा. तीस आकडे मिळतात. त्याच आकड्यांचे दोन आयतालेख काढायला लावा, एका गटाला ५ सेकंदांचे वर्ग (म्हणजे आकड्यांचे टप्पे), दुसऱ्याला २० चे. एकात दातेरी कुंपण, दुसऱ्यात दोन-तीन ठोकळे. सामग्री एकच, चित्र वेगळं, आणि दोन्ही बरोबर. वर्ग किती रुंद घ्यायचा हा निर्णय आहे, नियम नाही, हे शिक्षकांच्या हाताला कळायला हवं. स्तंभालेखात फटी का असतात आणि आयतालेखात का नसतात, २० हा आकडा १०-२० मध्ये धरायचा की २०-३० मध्ये, हे प्रश्न मग आपोआप निघतात.

याच सत्रात उजनी धरण घ्या. आपल्याकडे प्रत्येक उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येतं, 'उजनी वजा इतके टक्के'. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा ६० टक्क्यांच्या आसपास गेली होती. दहावीच्या मुलाला विचारा, धरण वजा कसं होईल? पाणी शून्याच्या खाली जातं का? बरेच मोठेही इथे थबकतात. टक्के कशाचे, हा इथला खरा प्रश्न. उजनीचा मृतसाठा (नेहमीच्या वापराच्या पातळीखालचं पाणी) सुमारे ६३.६६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आणि त्यावरचा उपयुक्त साठा सुमारे ५३.५७ टीएमसी. टक्के मोजतात ते फक्त उपयुक्त साठ्याचे. म्हणजे 'शून्य टक्के' म्हणतो तेव्हा धरणात साडेत्रेसष्ट टीएमसीहून जास्त पाणी असतं, एकूण क्षमतेच्या निम्म्याहून अधिक. वजा ६० म्हणजे ५३.५७ चे ६० टक्के, सुमारे ३२ टीएमसी, मृतसाठ्यातून गेले. तरी साडेएकतीसच्या आसपास उरले. ते गणित शिक्षकांकडून करून घ्या, आणि मग विचारा: बातमीतला आकडा खोटा होता का? नव्हता. मग वाचणाऱ्याचा गैरसमज कुठे झाला? धरणाचा आराखडा काढून शून्याची रेघ कुठे येते हे दाखवणारा वृत्तालेख की स्तंभालेख बरा, यावर आमच्या एका सत्रात पाऊण तास चर्चा झाली होती आणि ती मी मध्येच थांबवली नाही.

तिसरं सत्र नमुन्याचं, म्हणजे सगळ्यांऐवजी थोडे निवडून मोजण्याचं. नववीत आपण प्राथमिक आणि दुय्यम सामग्री शिकवतो, पण नमुना कसा निवडायचा हे जवळजवळ सुटून जातं. माझ्या मते चारही सत्रांतलं हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढे आयुष्यात मुलांसमोर येणारी बहुतेक आकडेवारी नमुन्यावरच उभी असते.

चौकटीच्या कागदावर शंभर वावरं काढा, एकेका चौकटीच्या इवल्या तुकड्यापासून सोळा चौकटींच्या मोठ्या वावरापर्यंत, सगळी विखुरलेली, प्रत्येकाला क्रमांक. लहान वावरं भरपूर ठेवा. वावराच्या आकाराची खरी सरासरी तुम्ही आधी काढून पाकिटात ठेवा. शिक्षकांना कागद दाखवून सांगा, 'नजरेने अशी पाच वावरं निवडा की ती सगळ्यांचं प्रतिनिधित्व करतील, आणि त्यांची सरासरी काढा.' सगळ्यांच्या सरासरींची टिकली कार्डशीटवर. मग दुसऱ्यांदा १ ते १०० क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकून पाच वावरं उचला, परत सरासरी, परत टिकली, दुसऱ्या रंगाची. आता पाकीट उघडा. नजरेने निवडलेल्या टिकल्या बहुतेक उजवीकडे सरकलेल्या असतात, कारण डोळा मोठ्या वावरांवर जातो. चिठ्ठ्यांच्या टिकल्या कमी-जास्त विखुरतात, पण खऱ्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना. 'मी तर अगदी विचार करून निवडले होते' असं एक ज्येष्ठ सर म्हणाले, आणि त्यांचा स्वर ऐकून मला कळलं की यादृच्छिक निवड, ती चिठ्ठ्यांची, म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे त्यांना आता कुणी सांगायची गरज उरलेली नाही.

इथे मी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची गोष्ट सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेला हा संख्याशास्त्रज्ञ. देशात पिकांचं उत्पादन मोजायची पद्धत बसवली जात होती त्या १९४० च्या दशकात एक वाद झाला: शेतातला किती मोठा तुकडा कापून वजन करायचं? कोलकात्यात १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी दाखवलं की फार लहान तुकड्यांवरून काढलेलं उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त येतं. का? तुकड्याच्या कडेवरचं पिकाचं ताट आत धरायचं की बाहेर, हा निर्णय कापणाऱ्याला घ्यावा लागतो, आणि हात नकळत ते आत ओढतो. आता आपलं गणित बघा. एक मीटर बाय एक मीटर तुकड्याची परिमिती ४ आणि क्षेत्रफळ १, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे ४ मीटर कड. दहा बाय पाच मीटर घेतला तर परिमिती ३० आणि क्षेत्रफळ ५०, दर चौरस मीटरमागे फक्त ०.६ मीटर कड. कड कमी, चुकीला वाव कमी. सातवीचं क्षेत्रफळ आणि दहावीची सांख्यिकी एकाच ज्वारीच्या ताटाजवळ येऊन भेटतात. आपल्याकडची मुलं पीक विमा, पीक कापणी प्रयोग, पैसेवारी हे शब्द घरात ऐकत मोठी होतात. महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) थोड्या शेतांवरून अख्ख्या मंडळाचा आकडा कसा ठरतो हे त्यांना वर्गात कळलं तर बापाशी बोलताना ते वेगळ्या आत्मविश्वासाने बोलतात. मंगळवेढ्याच्या एका शाळेत एका मुलाने विचारलं होतं, 'सर, आमचं वावर चिठ्ठीत आलंच नाही तर आमचं नुकसान मोजलं जाणार कसं?' याचं उत्तर सोपं नाही. नमुना मंडळाबद्दल सांगतो, एका वावराबद्दल नाही. मुलाला ते पटलं नाही, आणि न पटण्याचं त्याचं कारण मला आजही रास्त वाटतं.

संभाव्यतेबद्दल थोडक्यात. नमुना अवकाश, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या निकालांची यादी, लिहिणं सगळ्यांना येतं. अर्ध्या शिक्षकांना नाणं पन्नास वेळा खरंच उडवायला लावा, अर्ध्यांना मनानेच पन्नास निकाल लिहायला. मनाने लिहिलेल्यांत छापा-काटा नको इतके आलटून-पालटून येतात. खऱ्या नाण्यात सलग पाच-सहा छापे सहज पडतात. कागद मिसळून तुम्ही ओळखून दाखवा. एवढं पुरे.

चौथ्या सत्राला प्रत्येकाने स्वतःच्या वर्गातल्या दहा वह्या घेऊन यायच्या. म्हणून चारही सत्रं सलग ठेवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. जुलै, ऑगस्ट, दिवाळीनंतर एक आणि जानेवारीत एक, असं ठेवा. मधल्या काळात प्रत्येकाने एक तरी तास तसा घेऊन बघायचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. ते तास एका आठवड्यात कोंबले तर कागदावर भरतात, वर्गात उतरत नाहीत. वह्या समोर ठेवल्या की चर्चा हवेत राहत नाही. एका वहीत मुलाने मध्य ६२ काढला होता आणि सामग्रीतला सगळ्यात मोठा आकडा होता ४५. सूत्र बरोबर, रकाने बरोबर, एका बेरजेत चूक, आणि मुलाला काहीच खटकलं नाही. 'याला कुठे थांबवता आलं असतं?' हा प्रश्न तीस शिक्षकांनी मिळून सोडवला तर त्यातून जे निघतं ते कुठल्याही पुस्तिकेत नसतं.

तुमचे शिक्षक विचारतील, 'बोर्डाला हे विचारत नाहीत, मग वेळ कशाला घालवायचा?' हा प्रश्न टाळू नका, तो खरा आहे. दहावीचं निकालपत्र शिक्षकाच्याही नावावर लागतं. मी सांगतो ते एवढंच: सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणाखाली मुलांना एक ओळ लिहायला लावा, 'या संख्येवरून मला काय कळलं'. मिनिटभराचं काम. त्या ६२ वाल्या मुलाने ही ओळ लिहायला घेतली असती तर चूक त्यालाच दिसली असती. अर्थ लावणारी मुलं गुण कमी मिळवतात असं मी तरी पाहिलेलं नाही.

दुसरी अडचण वेळेची. नववीच्या भाग १ मध्ये सांख्यिकी सातवं आणि शेवटचं प्रकरण, दहावीच्या भाग १ मध्ये सहावं आणि शेवटचं. म्हणजे पोर्शन संपवायच्या गडबडीत सापडणारं. म्हणून सामग्री जूनपासून जमवायला घ्या. २९ जून, महालनोबिसांचा जन्मदिवस, २००७ पासून राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो; त्या दिवशी सुरुवात केली तर निमित्तही मिळतं. आमच्या शाळेत आम्ही पाण्याचं कॅलेंडर करतो. घरच्या नळाला ज्या दिवशी पाणी येईल त्या तारखेला गोल करायचा, सुरुवातीची वेळ आणि किती मिनिटं आलं ते लिहायचं. पहिल्याच आठवड्यात वाद झाला: 'चार दिवसांआड' म्हणजे चौथ्या दिवशी की पाचव्या? वर्ग दुभंगला. घरी विचारून आले तर घरचेही दोन्ही बाजूंना. शेवटी मुलांनी ठरवलं, तो शब्दच वापरायचा नाही, दोन गोलांमधले दिवस मोजायचे. जानेवारीत प्रकरण सुरू होईपर्यंत वर्गाकडे सहा महिन्यांची सामग्री असते, तीही त्यांच्या स्वतःच्या हाताची. 'आमच्याकडे पाणी नीट येत नाही' ऐवजी 'आमच्याकडे दोन पाण्यांतल्या दिवसांचा मध्यक पाच आहे, पण तीन वेळा आठ दिवस गेले' असं वाक्य मुलीच्या तोंडून येतं, तेव्हा समोरच्याला ते उडवून लावता येत नाही.

मात्र सामग्री गोळा करताना एक पथ्य शिक्षकांना पहिल्याच सत्रात सांगा. एकदा एका वर्गात घरच्या कमाईचा प्रश्न घेतला गेला. मुलं भराभर आकडे सांगत होती. एका मुलीची आई विड्या वळते, हजार विड्यांमागे मजुरी. तिची पाळी आली तशी ती मान खाली घालून उभी राहिली आणि काही बोललीच नाही. तेव्हापासून उत्पन्न, जात, घराचा आकार, वजन, आधीचे गुण यातलं काहीही आम्ही नावानिशी विचारत नाही. वीत, उडी, चालायची मिनिटं, पाण्याचे दिवस, झाडाची पानं, एसटीला झालेला उशीर, अशा गोष्टी भरपूर आहेत.

संगणकाची काळजी करू नका. शाळेत असेल तर स्प्रेडशीट वापरा. ब्राउझरमध्ये फुकट चालणारं कोडॅप हे साधन ठिपक्यांच्या आलेखासाठी फार छान आहे, ते तिसऱ्या सत्रानंतर दाखवा. आधी हाताने लावलेली टिकली हवी, म्हणजे पडद्यावरचा ठिपका हे एक माणूस आहे हे लक्षात राहतं.

पहिल्या सत्राला जाताना सोबत ठेवा: दोन रंगांच्या टिकल्यांची सहा-सात पाकिटं, चार कार्डशीट, मोजपट्टी, भिंतीला चिकटवायची टेप. चाचणी घेऊ नका. शिक्षकाला परीक्षार्थी केलं की तो दिवसभर आपलं अज्ञान झाकण्यात घालवतो. आणि कोण कुठून येणार आहे याची यादी आधी मागवून घ्या. सगळ्यात लांबच्या गावाहून निघणाऱ्याची पहिली एसटी किती वाजता आहे ते विचारा आणि त्यावरून सत्राची वेळ ठरवा. आमची आता अकराची असते.